जे झालं नसतं, त्याचा भाव

मराठी व्याकरणात ‘संकेतार्थ’ नावाचा एक अर्थ आहे. पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं. एक गोष्ट झाली नाही म्हणून दुसरीही झाली नाही, एवढंच हे वाक्य सांगतं. ते खरं की खोटं हे बघायला शेतात जाऊन उपयोग नसतो, कारण शेतात फक्त झालेल्या गोष्टी दिसतात. लोकांनी या वाक्यप्रकाराची टिंगलही करून ठेवली आहे: आत्याबाईला मिशा असत्या, तर तिला काका म्हटलं असतं.

या शतकाच्या पहिल्या दशकात याच वाक्यप्रकारावर एक जागतिक बाजार उभा राहिला. १९९७च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घातली आणि त्याच वेळी एक पळवाटही ठेवली. स्वतःच्या देशात उत्सर्जन कमी करणं महाग पडत असेल, तर भारत-चीनसारख्या देशांत झालेली कपात विकत घ्यायची आणि ती आपल्या खात्यात धरायची. या व्यवस्थेचं नाव क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम, म्हणजे सीडीएम. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचला, की एक क्रेडिट. भारतातून या बाजारात गेलेल्या मालात पवनचक्क्या ठळक होत्या. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या म्हटलं की वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर ही साताऱ्याची पठारं आलीच, आणि सांगली जिल्ह्यातली गुढे-पाचगणी, ढालगाव, जतही आलं.

कार्बनच्या भावावर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला इथे त्या बाजाराचं वाङ्मय वाचायचं आहे. हा बाजार कागदावर चालतो, ते कागद एका ठरावीक साच्यात लिहिले जातात, आणि त्या साच्यात कोण बोलतं, कोण बोलत नाही, यात बरंचसं राजकारण आधीच उरकलेलं असतं.

साचा

सीडीएमच्या प्रत्येक प्रकल्पाला एक दस्तऐवज सादर करावा लागे. त्याचं नाव प्रोजेक्ट डिझाइन डॉक्युमेंट. धंद्यातले लोक त्याला ‘पीडीडी’ म्हणतात. हे दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला खुले आहेत. मुख्य विभाग पाच. पहिल्यात प्रकल्पाचं वर्णन: गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, यंत्रं किती. दुसऱ्यात कपातीचा हिशेब आणि त्याचं समर्थन. तिसऱ्यात मुदत. चौथ्यात पर्यावरणावरचे परिणाम. पाचव्यात स्थानिक लोकांचं म्हणणं. भाषा इंग्रजी. लिहिणारा बहुतेकदा सल्लागार कंपनीतला माणूस, आणि त्याचं बिल प्रकल्पाचा मालक भरणार.

या वाङ्मयप्रकाराचा प्राण दुसऱ्या विभागात आहे. तिथे ‘अ‍ॅडिशनॅलिटी’ सिद्ध करावी लागते. मराठीत तिला अतिरिक्तता म्हणू. अर्थ सरळ आहे: क्रेडिटचे पैसे मिळणार नसते, तर ही पवनचक्की उभी राहिली नसती, आणि तिच्याऐवजी कोळशाची वीज वापरली गेली असती. पवनचक्की फिरते, वीज तयार होते, मीटरवर दिसते. पण क्रेडिट त्या विजेला मिळत नाही. ते मिळतं न घडलेल्या दुसऱ्या जगाशी असलेल्या फरकाला, आणि त्या दुसऱ्या जगाचं वर्णन करण्याचं काम प्रकल्पाच्या मालकाकडेच असतं.

वर्णनाचेही नियम आहेत. सर्वात रुळलेली वाट गुंतवणुकीच्या गणिताची. प्रकल्पावर परतावा किती मिळेल ते काढायचं आणि धंद्यात किमान किती परतावा अपेक्षित असतो त्याच्याशी ताडून बघायचं. क्रेडिटशिवाय परतावा त्या रेषेच्या खाली राहिला पाहिजे. थोडक्यात, आपला धंदा तोट्याचा आहे हे मालकाने पटवून द्यायचं. आता याच मालकाला बँकेकडून कर्ज घ्यायचं असतं आणि भागधारकांनाही खूश ठेवायचं असतं. तिथे वारा जोरात वाहायला हवा. पीडीडीत तो जरा मंद वाहिला तर बरं. कुणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. एकाच पठारावरच्या वाऱ्याच्या दोन गोष्टी सांगण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्याच हातात ही व्यवस्था लेखणी देते, एवढंच दाखवायचं आहे. अशा वेळी एखाद्या लेखकाच्या प्रामाणिकपणावर वाद घालण्यापेक्षा साच्याकडे बघावं.

गणित

एक ढोबळ हिशेब करून बघू. एक मेगावॅटची पवनचक्की वर्षभरात क्षमतेच्या २० टक्के चालली, तर तिची वीज होते साधारण साडेसतरा लाख युनिट. कोळशावर मुख्यतः चालणाऱ्या आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वाचलेला कार्बन भरतो जेमतेम १,६०० टन. क्रेडिटला दहा युरो भाव आणि युरो पासष्ट रुपये धरला, तर वर्षाला दहा लाख रुपये.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने २००३मध्ये पवनऊर्जेसाठी पहिल्या वर्षाचा दर युनिटला साडेतीन रुपये ठरवला होता. म्हणजे त्याच यंत्राच्या विजेचे साठ लाखांवर झाले. तिसरी बाजू आयकराची. पवनचक्कीवर वेगवान घसारा मिळे, सुरुवातीला १०० टक्के आणि पुढे ८० टक्के. पाच कोटींच्या यंत्रावर पहिल्याच वर्षी चार कोटी नफ्यातून वजा दाखवता आले, तर ३३ टक्के दराने वाचलेला कर होतो सव्वा कोटीच्या वर. हा कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो, हे खरं. पण नफ्यात असलेल्या कंपनीला मार्चअखेरीस वाचलेला सव्वा कोटी आणि वर्षाकाठी कदाचित मिळणारे दहा लाख यांतलं कुठलं आमिष मोठं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. साताऱ्याच्या पठारांवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्यांची जी रीघ लागली, ती घसाऱ्याच्या आणि राज्याच्या विक्रीकर सवलतींच्या जोरावर. क्योटो करार लागूच झाला फेब्रुवारी २००५मध्ये.

तरीही हे गणित पुरावा म्हणून पुरेसं नाही. एखाद्या प्रकल्पाचं पारडं त्या शेवटच्या दहा लाखांनीच झुकलं असेल, असं कुणी म्हटलं तर? २०१२मध्ये वेगवान घसारा काढून घेतला गेला आणि पुढच्या वर्षी देशात नव्या पवनचक्क्या जवळपास निम्म्यावर आल्या. यावरून ‘घसाराच खरा चालक होता’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच सुमारास युरोपातला क्रेडिटचा भावही कोसळला. २००८च्या मध्यावर वीस युरोंच्या वर गेलेलं क्रेडिट २०१२ संपताना एका युरोच्याही खाली होतं. दोन दिवे एकदम विझले, तर अंधार कुठल्या दिव्यामुळे झाला ते कसं सांगणार?

सॉफ्टवेअरमध्ये आमचा हा रोजचा प्रश्न असतो. नवं बटण लावल्याने खरेदी वाढली असा दावा करायचा, तर निम्म्या वापरकर्त्यांना जुनंच बटण दाखवावं लागतं. तुलनेला दुसरा गट नसेल तर दावा म्हणजे मत. पीडीडीत दुसरा गट नसतो. तिथे फक्त दुसरी गोष्ट असते.

हा दुसरा गट राफाएल कालेल आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी शोधून काढला, आणि तोही भारतीय पवनचक्क्यांतच. त्यांची युक्ती साधी आहे. सीडीएममध्ये नोंदलेला एक प्रकल्प घ्या. आता क्रेडिटशिवाय उभा राहिलेला, पण वारा, आकार, ग्रिडपासूनचं अंतर अशा बाबतींत त्याच्याहून कमी किफायतशीर असलेला प्रकल्प शोधा. तसा सापडला, तर प्रश्न निकालात निघतो: उणा प्रकल्प मदतीविना उभा राहतो, तर त्याहून सरस प्रकल्पही राहिलाच असता. या निकषावर किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेले, जे बहुतेक नक्कीच तसेही झाले असते.

याचा अर्थ ‘पैसे वाया गेले’ एवढाच नाही. क्रेडिट ही देणगी नव्हती, परवाना होता. इथे वाचलेल्या टनाच्या बदल्यात तिकडच्या कारखान्याला एक टन जास्त सोडण्याची मुभा मिळे. इथला टन वाचलाच नसेल, तर हवेत एक टन जास्त गेला. म्हणूनच ते संशोधक सांगतात की या व्यवस्थेने जगाचं उत्सर्जन वाढवलं. पठारावर पातं फिरत होतं, वीज स्वच्छ होती, आणि तिच्या नावावर निघालेला कागद मात्र कुठेतरी धूर सोडायची परवानगी देत होता.

रिकामे विभाग

पीडीडीच्या चौथ्या आणि पाचव्या विभागांकडे समीक्षक फारसे वळत नाहीत. माझ्या मते या प्रकाराची खरी ओळख तिथेच पटते.

चौथा विभाग पर्यावरणावरच्या परिणामांचा. भारतात २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जेचा समावेश नाही. तेव्हा ‘असा अभ्यास कायद्याने आवश्यक नाही’ एवढं सांगितलं की या विभागाचं काम भागतं. पर्यावरणासाठी चालणाऱ्या बाजारात पर्यावरणाचा रकाना एका वाक्यात भरता येतो.

चाळकेवाडीपुरता तो विभाग पुढे इतरांनी लिहिला. तिथल्या पठारावर गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा एक सरडा आहे. २०१६मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केलं आणि नाव दिलं ‘सारडा सुपर्बा’. प्रजातिगटाचं नावच मराठी शब्दावरून. २०१८मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी ‘नेचर इकॉलॉजी अँड एव्होल्यूशन’मध्ये या पठाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. ससाण्या-घारींचं भय सरलं म्हणून सरडे वाढले, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक घटलं, माणूस बराच जवळ आला तरी ते पळेनासे झाले. गर्दी वाढल्याने खायला कमी पडू लागलं, अंगं रोडावली, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. पात्यांनी तिथे वरच्या शिकाऱ्याची जागा घेतली, असा त्यांचा निष्कर्ष. पवनचक्क्या नकोत, असा अर्थ मी यातून काढत नाही. कोळशाच्या खाणीने जंगलाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण ‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम बघितला नाही’ या दोन वाक्यांत सबंध पठाराचं अंतर आहे.

पाचवा विभाग लोकांचा. त्याचाही साचा पक्का असतो. सभा झाली, सरपंच आले, प्रकल्पाची माहिती दिली, गावकऱ्यांनी रोजगाराबद्दल आणि रस्त्याबद्दल विचारलं, समाधानकारक उत्तरं दिली, गंभीर आक्षेप आला नाही. या विभागात माणसं असतात, पण आवाज नसतो. ‘क्रेडिट म्हणजे काय आणि त्याचे पैसे कुणाचे’ असं एखाद्या म्हाताऱ्याने विचारलं असेल, तर त्याला रकाना नाही. जमिनीचा तर विषयच नाही. सड्यावरची खडकाळ, कागदोपत्री नापीक जमीन दलालांनी मातीमोल घेतली, ही तक्रार या पट्ट्यात जुनी आहे. वारा नावाचं पीक त्या जमिनीवर येतं हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्याला होतं. भाव ठरला तो या अज्ञानावर.

पाटण तालुक्याला हे नवीन नाही. आधी कोयनेचं धरण झालं, राज्याला वीज मिळाली, आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाची लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालली. मग २०१०मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मधल्या काळात पवनचक्क्या आल्या. वीज, वाघ आणि वारा ही तिन्ही कारणं चांगली. तिन्ही वेळा चांगल्या कारणाची किंमत ठरवणारे दुसरीकडे होते.

सांगलीच्या पूर्वेला चित्र आणखी विचित्र आहे. जत आणि कवठे महांकाळ हे दुष्काळी तालुके. तिथलं पाणी म्हैसाळ योजनेतून कृष्णेवरून पंपाने उचलून येतं, आणि विजेच्या थकबाकीपायी हे पंप वेळोवेळी बंद पडत आले आहेत. त्याच तालुक्यांच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. त्यांची वीज मालकाच्या कारखान्याच्या किंवा मंडळाच्या खात्यावर जमा. क्रेडिट असलं तर तेही मालकाचं. खाली पाण्याच्या वीजबिलासाठी मोर्चे. शेवटी ८१ टक्के बिल सरकारने भरायचं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी, असं सूत्र ठरलं. हीसुद्धा एक किंमतच आहे. फरक इतकाच की ती भांडून ठरली, भांडणारे कोण होते ते सगळ्यांना माहीत होतं, आणि उद्या ती बदलायची तर कुणाच्या दारात जायचं हेही.

गोष्टीविना किंमत

मग कार्बनला भाव लावूच नये का? मला तसं वाटत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये सांगलीत कृष्णा शिरली. २०२१च्या त्याच आठवड्यात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाटण तालुक्यात दरडींखाली माणसं गाडली गेली. एकाच पुरावर ‘हवामानबदल’ असा शिक्का मारणं घाईचं आहे, पण तापलेल्या हवेत जास्त बाष्प मावतं हे भौतिकशास्त्र घाईचं नाही. धूर सोडणं फुकट असू नये, हे तत्त्व मला मान्य आहे.

आणि गोष्टीविना किंमत लावता येते हे भारताने करून दाखवलं होतं. २०१०मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला; २०१६पर्यंत तो ४०० झाला. यात ‘झालं नसतं’ असं काही नाही. कोळसा काढला, टन मोजले, पैसे घेतले. दगा झाला तो पुढे. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी होता. २०१७मध्ये जीएसटी आला आणि तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५मध्ये उपकरच गेला आणि त्याजागी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. भार बराचसा तसाच राहिला असेल, पण त्या पैशावरचं नाव पुसलं गेलं. उपकराची मोजणी सोपी होती, पण पैसा कुणाचा हे पक्कं नव्हतं. सीडीएममध्ये पैसा कुणाचा हे पक्कं होतं, मोजणीच कल्पित होती.

आता तिसरा प्रयोग सुरू आहे. २०२२मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. तिच्या एका भागात सिमेंट, अ‍ॅल्युमिनियमसारख्या उद्योगांना उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली जाते. तिथे निदान मोजायला काहीतरी समोर असतं. दुसरा भाग ऐच्छिक प्रकल्पांचा, ऑफसेटचा. तिथे संकेतार्थ पुन्हा दारात उभा आहे, आणि या वेळी तो शेतापर्यंत येऊ शकतो.

कृष्णाकाठच्या उसाचं पाचट घ्या. तोडणीनंतर पाचट पेटवायचं की सरीत कुजवायचं, हा आपल्याकडचा जुना वाद. कुजवलं तर जमीन सुधारते, धूर होत नाही. क्रेडिटच्या तर्काने बघा. जो शेतकरी कालपर्यंत पाचट जाळत होता आणि उद्यापासून जाळणार नाही, त्याची कपात ‘अतिरिक्त’. जो दहा वर्षं न चुकता कुजवतो आहे, त्याने काहीच कमी केलं नाही, त्याला शून्य. हिशेबात चूक नाही. पण गावात हे सांगून बघा. जो आधीपासून नीट वागला त्याचं वागणं मोजण्याची सोय या व्याकरणात नाही, हे पारावर बसलेल्या कुणाच्याही पाच मिनिटांत लक्षात येईल, आणि पुढच्या वेळी पाचट पेटवायला काडी कुणाच्या खिशातून निघेल तेही.

म्हणून नव्या योजनेकडे माझं मागणं वाङ्मयीन आहे. प्रकल्प झाला नसता, ही गोष्ट मालकाने सांगितली तर सांगू द्या. पण तुलनेचा दुसरा गट शोधण्याचं काम मालकाच्या पैशावर नसलेल्या माणसाकडे द्या. दस्तऐवज मराठीत काढा आणि ग्रामसभेत वाचा, क्रेडिटच्या अपेक्षित रकमेसकट. चौथा विभाग ‘लागू नाही’ म्हणून बंद होऊ देऊ नका. आणि पाचव्या विभागात सारांशाऐवजी लोकांचे प्रश्न त्यांच्या शब्दांत छापा, उत्तर मिळालं नसेल तर तेही छापा.

हे अव्यवहार्य वाटेल. पण किंमत ठरवण्याआधी मालकी ठरवायची असते, हा धडा याच जिल्ह्यात गिरवला गेला आहे. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यात दुष्काळाने गांजलेल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी आधी विचारलं, की येरळेतली वाळू ठेकेदाराची कशी? मग त्या वाळूच्या पैशातून त्यांनी बळीराजा धरण उभारलं, आणि त्याचं पाणी भूमिहीनांसकट सगळ्यांत वाटायचं ठरवलं. त्यातूनच पुढे समन्यायी पाणीवाटपाची चळवळ वाढली. वाळू आणि पाणी यांच्याबद्दल विचारलेला तो प्रश्न वाऱ्याबद्दल आणि धुराबद्दल विचारायचा राहून गेला आहे. नव्या बाजारातले पहिले करार सह्यांसाठी गावात यायच्या आत तो विचारला गेला, तर बरं.